वेळेवर पाण्यात उतरलेली पहिली बोट

पेरुम्पुळा शिपयार्ड, कॅन्टीन
९ जून १९९४

प्रिय दिवाकरा,

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्याकडे नवे साहेब आलेत आणि त्यांनी सगळ्यांची झोप उडवलीय. मी इथे लागल्यापासूनचे हे नववे साहेब. कुरियाकोस नाव. याआधीचे आठ जण पहिल्या दिवशी हार घालून घ्यायला ऑफिसात गेले. हे सरळ माझ्या कॅन्टीनमध्ये आले, रांगेत उभे राहिले आणि पुट्टू-कडला खाता खाता इतरांसारखीच मलाही मोठी बहीण करून विचारतात, "चेची, ह्या शिपयार्डनं शेवटची बोट वेळेवर कधी दिली?"

मी म्हटलं, "साहेब, मला इथे फक्त सव्वीस वर्षं झालीत. त्याआधी कधी दिली असेल तर माहीत नाही."

शेजारी आपला युनियनवाला कॉम्रेड कुंजांबू बसला होता. त्याला असा ठसका लागला की अर्धा चहा शर्टावर. साहेब मात्र हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "मग ह्या खेपेला देऊ."

मस्कतच्या एका कंपनीचं काम मिळालंय. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून नेणारी टगबोट. आजवर आपण सरकारी बंदरांसाठी सरकारी बोटी बांधल्या. तीन वर्षं उशीर झाला तरी ओरडणार कोण? घेणाराही सरकार आणि देणाराही सरकार. हे काम मात्र बाहेरच्या चार कारखान्यांशी टक्कर देऊन मिळवलंय. ही बोट वेळेवर गेली तर आणखी तीन मिळतील म्हणतात.

इथे कुजबूज अशी की सरकार यापुढे आम्हाला पोसणार नाही. बाजारात उतरा, काम मिळवा, आपल्या पायांवर उभे राहा. तू त्याच खात्यात बसतोस, तेव्हा खरं काय ते कळव. गिरिजाला माझी आठवण सांग.

तुझी चेची,
सौदामिनी

*

नवी दिल्ली
२७ जून १९९४

प्रिय चेची,

तुझं पत्र मिळालं. आनंद झाला. खात्यातल्या गोष्टी पत्रात लिहिणं बरं नव्हे, हे तू जाणतेसच. सर्व बाबींचा योग्य विचार चालू आहे, एवढंच म्हणतो.

मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं आहे. तू किती वर्षं त्या चुलीपाशी उभी राहणार? आई गेली तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस आणि मी सात. तेव्हापासून तू बसलेली मला आठवत नाही. सध्या स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली आहे. ती घे आणि कायमची इकडे ये. आम्हाला मोठं घर मिळालं आहे. एक खोली रिकामीच असते. गिरिजाही म्हणते की चेची असल्या तर फार बरं होईल. येत्या काही महिन्यांत तर तू इथे असणं फार आवश्यक वाटतं. कारण विचारू नकोस. वेळ आली की कळेलच.

तुझा
दिवाकरन

*

पेरुम्पुळा
८ जुलै १९९४

अरे लबाडा!

सरळ लिहायला लाज वाटली होय? 'एक खोली रिकामी', 'येत्या काही महिन्यांत', 'वेळ आली की कळेलच'! लग्नाला नऊ वर्षं झाली, मी भगवतीला किती दिवे लावले ते तिलाच ठाऊक. कितवा महिना? गिरिजाला म्हणावं, ओझं उचलू नको. शेजारच्या हम्साचा मुलगा दिल्लीला निघालाय, त्याच्याबरोबर वाळवलेल्या नेंद्र केळ्यांचं पीठ चार किलो पाठवतेय. बाळाला सहाव्या महिन्यापासून हेच द्यायचं, डब्यातलं नाही. तुला मी ह्याच्यावरच वाढवलंय.

पण नोकरी सोडून मी येणार नाही. बाळंतपणाला तीन महिने रजा काढून येईन.

इथे रोज नाटक चाललंय. मस्कतवाल्यांनी कामावर नजर ठेवायला एक कोरियन म्हातारा पाठवलाय. जन्मभर बोटीच बांधत आलाय. त्याचं आडनावच 'नो'. खोटं नाही सांगत, मिस्टर नो! आणि आडनावाला जागतोही. हातात खडू घेऊन फिरतो, वेल्डिंग बघतो, त्यावर फुली मारतो आणि म्हणतो, "नो." पहिल्या आठवड्यात तळाच्या निम्म्या जोडांवर फुल्या. आपले वेल्डर संतापलेत. कुंजांबू म्हणतो, "ह्याला बापानं शाळेत घालताना काय त्रास झाला असेल! मास्तर विचारणार नाव काय, आणि हा म्हणणार नो!"

पण दिवाकरा, फुल्या बरोबर असतात. मी वेल्डरांचे चेहरे बघते ना. ज्याचं चुकलेलं नसतं तो ओरडतो. हे गप्प बसून चहा ढवळतात.

तुझी चेची

*

नवी दिल्ली
२३ जुलै १९९४

प्रिय चेची,

बाळ नाही. कृपा करून हम्साच्या मुलालाही हे सांग, कारण त्याने दारातूनच "अभिनंदन" म्हणून ओरडून आमच्या पूर्ण मजल्याला बातमी दिली. गिरिजाने पीठ पाहिलं आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याचा गोड शिरा केला आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला. चांगला झाला होता.

खोली खरोखरच रिकामी आहे म्हणून लिहिलं होतं. माझी भाषा चुकली. बारा वर्षं फाइलींवर टिपणं लिहून माणसाला सरळ बोलता येत नाही.

तरीही पुन्हा विनंती करतो. अर्जाची मुदत तीस सप्टेंबर आहे. त्यानंतर ह्या अटी मिळतीलच असं नाही. माझ्यावर विश्वास ठेव आणि अर्ज दे.

दिवाकरन

*

पेरुम्पुळा
१४ सप्टेंबर १९९४

दिवाकरन,

काल कुरियाकोस साहेबांनी बोलावून एका अहवालाच्या मसुद्याचं पान दाखवलं. दिल्लीहून आलेलं. 'शिपयार्ड किफायतशीर करण्याचे उपाय.' त्यात सातवा उपाय टाइप केलेला नव्हता, समासात हातानं लिहिलेला होता. 'कॅन्टीन अनावश्यक. बंद करावे. कर्मचारी कमी करावेत.'

साहेब म्हणाले, "चेची, हे कुणी लिहिलं मला माहीत नाही. पण तुम्हाला आधी कळावं म्हणून दाखवतो."

मला माहीत होतं. इंग्रजी 'जी'ची शेपटी माशाच्या गळासारखी वळवायची सवय मी तुला किती छड्या मारून मोडायला पाहिली. मोडली नाही.

अर्ज देणार नाही.

सौदामिनी

*

नवी दिल्ली
२१ सप्टेंबर १९९४

प्रिय चेची,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि तसाच घरी निघून आलो.

आता सगळं सांगतो. नियम मोडतो आहे, मोडू दे. सरकारने पेरुम्पुळाला शेवटची संधी दिली आहे. मस्कतची बोट ठरल्या तारखेला पाण्यात उतरली तर शिपयार्ड राहील, नवी कामं मिळवू दिली जातील. नाही उतरली तर मार्चनंतर फाटकाला कुलूप. समितीत आठ जण आहेत. आठांपैकी सात जणांना वाटतं की बोट वेळेवर उतरणार नाही, आणि आठवा मी, मलाही वाटत नव्हतं. म्हणून तुला आधीच बाहेर काढायची घाई केली.

कॅन्टीनचं मीच लिहिलं. समिती म्हणाली, काहीतरी कमी केल्याचं दाखवा. माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, वेल्डरांची शिकाऊ शाळा किंवा कॅन्टीन. मी विचार केला, शाळा गेली तर बोट बांधणार कोण? आणि कॅन्टीन गेलं तर चेची चिडेल, पण दिल्लीला येईल. असा स्वार्थ होता. आपली चेची म्हणजे एक ओळ आहे असं समजून मी समासात लिहून टाकली.

शिव्या दे, पण पत्र पाठव.

दिवाकरन

*

नवी दिल्ली
३० ऑक्टोबर १९९४

चेची,

माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. कॅन्टीनच्या फोनवर कुणीतरी "चेची कामात आहे" म्हणतं आणि ठेवून देतं. मागून तुझाच आवाज येतो.

दिवाळी चार दिवसांवर आली आहे. गिरिजा तुला नमस्कार सांगते.

दिवाकरन

*

पेरुम्पुळा
२ डिसेंबर १९९४

प्रिय दिवाकरा,

राग धरून ठेवायलाही वेळ लागतो, आणि मला इतके दिवस वेळच नव्हता. आता सांगते.

तुझी ओळ वाचून मी आठवडाभर जळत होते. भांडी आपटत होते. मग एका सकाळी, दहाच्या चहाला, मी खिडकीतून बघत उभी राहिले. बोट बांधतात तो नदीकाठचा उतार आपल्या कॅन्टीनपासून केवढा लांब आहे तुला आठवतंय. लहानपणी डबा घेऊन धावत यायचास तरी दम लागायचा. बारा मिनिटं जायला, बारा यायला. दहाच्या चहासाठी माणसं पावणेदहाला हत्यारं खाली ठेवतात. मग रांग, मग चहा, मग विडी, मग कुणाच्या तरी मेहुण्याची गोष्ट. मशिनवर परत हात पडतो तेव्हा अकराला दहा कमी. असं दिवसातून तीनदा, आणि हे सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर. मी वडे तळत होते आणि बोट तिकडे एकटी उभी होती.

मी तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, "माणसांना चहाकडे आणू नका. चहा बोटीकडे नेऊ."

साहेब म्हणाले, "कुंजांबू परवानगी देईल?"

कुंजांबूनं दिली नाही. फाटकावर सभा घेतली. माईक लावून ओरडला, "चहाची सुट्टी हा आमच्या बापांनी संप करून मिळवलेला हक्क आहे! व्यवस्थापनाचा हा डाव आम्ही हाणून पाडू!"

मी वडे तळायचा झारा घेऊनच तिथे गेले होते. खालून विचारलं, "कुंजांबू, बापानं हक्क चहाचा मिळवला की चालण्याचा?"

लोक हसले. तो म्हणाला, "चेची, तुम्ही मध्ये बोलू नका. हक्क बसून पिण्याचा आहे!"

"मग बसायला बाकं देते. ऊन लागू नये म्हणून वर छप्पर देते. वडा गरम देते, जो तुला आजवर कधी मिळाला नाही, कारण तू भाषण करून सगळ्यांच्या शेवटी येतोस. आणखी काय हवं?"

"ह्यामागे दिल्लीचा हात आहे!"

"आहे," मी म्हटलं. "माझ्याच भावाचा आहे. त्यानं कॅन्टीन बंद करा असं लिहिलंय. आणि मार्चमध्ये तो शिपयार्डही बंद करणार आहे. तुला फाटकाबाहेर चहा प्यायचा असेल तर खुशाल पी. तिथे रांग नसेल."

तोवर कुलपाची गोष्ट कुणालाच नक्की माहीत नव्हती. कुंजांबूनं माईक बंद केला आणि खाली उतरून माझ्याजवळ आला. हळूच विचारलं, "चेची, खरं?" मी मान हलवली. पाच मिनिटं तो विडी ओढत नदीकडे बघत राहिला. मग परत वर चढला आणि म्हणाला, "कामगार बंधूंनो, युनियनची मागणी आहे की चहा यापुढे कामाच्या जागी मिळालाच पाहिजे!" टाळ्यांचा कडकडाट. तेव्हापासून ही युनियनची मागणी आहे, माझी नव्हे. असू दे.

सुतारांनी फळ्यांची बाकं केली. कॅन्टीनमधल्या माझ्या पोरींनी चार ढकलगाड्या घेतल्या. आणि मग एक गोष्ट अशी झाली जी मी योजली नव्हती. मिस्टर नो पूर्वी कॅन्टीनला येतच नसे. उकडलेली अंडी घेऊन आपल्या खोलीत बसायचा. आता चहा समोरच आला, तर तोही बाकावर येऊन बसला, वेल्डरांच्या मध्ये. भाषा कुणाला येत नाही. खडू घेतला आणि लोखंडी पत्र्यावर चित्र काढून दाखवलं, हात असा धरा, इतका वेग. पोरांनी खडू हिसकावून आपलं चित्र काढलं. त्यानं डोकं खाजवलं. आता रोज दहा वाजता शाळा भरते. फुल्या कमी होत चालल्यात. काल एका जोडापाशी तो खूप वेळ उभा राहिला आणि खडू खिशात ठेवून निघून गेला. वेल्डर पोरगा त्या जोडावरून परत परत बोट फिरवत होता.

मोठा हॉल मी साहेबांना देऊन टाकला. तिथे आता पाइप जोडतात. शेवटच्या संध्याकाळी झाडून घेतला. टेबलं नव्हती तर इतका मोठा दिसला! रडले थोडी. मग लक्षात आलं की गुडघे दुखत नाहीत. आता रोज मोकळ्या हवेत चालते ना.

तुझी ओळ अर्धी बरोबर होती, दिवाकरा. हॉल नको होता, चहा हवा होता. पण त्यासाठी इथे येऊन बघायला हवं होतं. दिल्लीहून शेपटी वळवून काय कळणार!

जेवत जा.

चेची

*

नवी दिल्ली
२७ फेब्रुवारी १९९५

प्रिय चेची,

तुझं डिसेंबरचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की ते घडीवर फाटलं. समितीपुढे ते ठेवता येत नव्हतं, म्हणून 'कामाच्या वेळेचे पुनर्नियोजन' ह्या नावाने त्यातला झारा वगळून बाकी सगळं मांडलं. अध्यक्षांनी विचारलं, ही कल्पना कोणत्या सल्लागार संस्थेची? मी म्हटलं, स्थानिक.

आता बातमी. सतरा मार्चला बोट पाण्यात सोडण्याच्या समारंभाला खुद्द मंत्री येणार आहेत आणि त्यांच्याबरोबर मी. कुरियाकोस साहेबांना अधिकृत पत्र गेलं आहे. मंत्री बटण दाबतील, मग बोट सुटेल, मग भाषण. क्रम बदलू नये.

तुझा
दिवाकरन

*

पेरुम्पुळा
८ मार्च १९९५

प्रिय दिवाकरा,

मंत्र्यांना सांग, बरोबर अकरा पन्नासला बटण दाबायचं. पौर्णिमेची मोठी भरती आहे आणि पाणी वीसएक मिनिटंच तेवढं चढतं. ती चुकली तर पुढली पंधरा दिवसांनी. मग इंजिनाच्या चाचण्या लांबतील, मस्कतची तारीख जाईल, आणि तारीख गेली की पुढच्या तीन बोटीही जातील. साहेबांनी भिंतीवर भरतीचं वेळापत्रक एवढ्या मोठ्या अक्षरांत लावलंय की आंधळ्यालाही दिसावं.

तुम्हाला गोड म्हणून पायसम करतेय. वेळेवर या.

चेची

*

नवी दिल्ली
२४ मार्च १९९५

प्रिय चेची,

त्या दिवशी तुझ्याशी नीट दोन शब्दही बोलता आले नाहीत. मंत्र्यांच्या मागे फाइल धरून उभा होतो आणि तू समोरून पायसमचं भांडं घेऊन गेलीस, तेवढंच.

आमचं विमान मुंबईला बिघडलं. साडेनऊ झाले तरी हलेना. मंत्री म्हणाले, "फोन लावा. मी येईपर्यंत बोट जागची हलता कामा नये." मी विमानतळावरून कुरियाकोस साहेबांच्या खोलीत फोन लावला, कुणी उचलेना. ऑपरेटरने तुझ्या कॅन्टीनला जोडून दिला. उचललास तू. आणि लाइन अशी खराब! मी घसा फोडून ओरडतोय, "चेची, थांबवा! मंत्र्यांना उशीर आहे!" आणि तू आपली, "हॅलो? कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही हो!" तीन वेळा लावला, तीन वेळा तेच. सगळा विमानतळ माझ्याकडे बघत होता. मंत्रीही.

साडेतीनला आम्ही पोचलो तेव्हा उतार रिकामा आणि बोट नदीत पताका लावून डुलते आहे. मंत्र्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. मी मनात राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेतला. एवढ्यात तो तुमचा मिस्टर नो पुढे आला, मंत्र्यांचा हात दोन्ही हातांत धरून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "चाळीस वर्षं मी बोटी बांधतो. सरकारी कारखान्यात नेहमी भरती गेली, मंत्री आले नाहीत. आज पहिल्यांदा बोट गेली. तुमचा कारखाना चांगला आहे."

वार्ताहर लिहून घेत होते. मंत्र्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बोटीकडे. मग माईकपाशी गेले आणि काय म्हणाले ते तू ऐकलंसच. "मीच बजावून ठेवलं होतं की माझ्यासाठी एक मिनिट थांबायचं नाही. हीच आमच्या सरकारची नवी दिशा!"

परतीच्या विमानात त्यांनी मला ते वाक्य पत्रकात ठळक छापायला सांगितलं.

चेची, कुलपाचा प्रस्ताव काल मागे घेतला. पुढच्या तीन बोटींचं मस्कतचं पत्रही आलं. एका खराब टेलिफोन लाइनने शिपयार्ड वाचवलं. तो फोन लागला असता तर मी स्वतःच्या हाताने सगळं बुडवलं असतं. ह्या विचाराने अजून झोप लागत नाही.

तुझा
दिवाकरन

*

पेरुम्पुळा
२ एप्रिल १९९५

प्रिय दिवाकरा,

झोपत जा. टेलिफोन खात्याला उगाच दोष देऊ नकोस. लाइन अगदी स्वच्छ होती. तुझ्यामागे कुणीतरी चहावाल्याला हाक मारली तीसुद्धा ऐकू आली. मंत्री "क्या बोल रही है?" म्हणाले तेही.

त्या दिवशी सकाळी पहिल्या चहाला कुरियाकोस साहेब बाकावर बसून म्हणाले होते, "चेची, दिल्लीहून थांबा असा निरोप आला तर मला थांबावं लागेल. मी सरकारी नोकर आहे." एवढं बोलून ते उतारावर गेले ते परत खोलीकडे फिरकलेच नाहीत. मी समजायचं ते समजले. कॅन्टीनवाल्या बाईला कोण नोटीस देतंय? आणि दिलीच तर म्हणेन, वय झालं, कमी ऐकू येतं.

तुझा आवाज ऐकून जीव मात्र तुटत होता. तिसऱ्यांदा तू "चेची, ऐक ना गं" म्हणालास, अगदी लहानपणीसारखं, तेव्हा फोन ठेवायला दोन्ही हात लागले.

मग मी उतारावर धावले. अकरा पन्नास झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. शेवटी कुंजांबूच म्हणाला, "साहेब, पाणी आलंय." साहेबांनी हात खाली केला. माणसांनी बोटीला अडवून धरणाऱ्या पाचरी ठोकून काढल्या. बोट हललीच नाही! एक क्षण, दोन क्षण. आणि मग कुठूनतरी लाकूड कण्हल्यासारखा आवाज झाला आणि ती निघाली, आधी हळू, मग अशी सुसाट की नदीच्या पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका पळाल्या. पाणी उसळून आम्हा सगळ्यांच्या अंगावर आलं. माणसं ओरडत होती, एकमेकांना उचलत होती. मिस्टर नो टोपी काढून उभा होता, आणि त्याच्या टकलावरून पाणी ओघळत होतं.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना ठाऊक असावं, पण ते विचारत नाहीत. तुला सांगितलं, कारण तुझी झोप उडालेली मला चालत नाही.

तेव्हा वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. सवयीनं फाइलीला लावू नकोस.

तुझी
चेची